गळ्यातही नाही, देव्हाऱ्यातही नाही

अक्का, तुला माझ्या गळ्यात बांधायला निघाले होते सगळे. तेरावं झालं, गोडाचा घास तोंडात पडतो न पडतो तोच सासूबाईंनी विषय काढला. "धाकटीच्या गळ्यात थोरलीचा टाक पडायला हवा. आणि लवकर. दिवस आहेत तिला." आणि हे, तुझे नि माझे हे, मान खाली घालून 'बरं' म्हणाले.

तुला हसू आलं असतं. अख्ख्या कसब्याला टाक पुरवणारं घर आपलं. चांदीचा पातळ पत्रा ठशावर ठेवायचा, ठोकायचा, की खंडोबा उठतो, भवानी उठते. पाठीत लाख भरली की देव्हाऱ्यात बसायला देव तयार. आणि त्याच चांदीतून मेलेल्या सवतीही उठतात. पहिली बायको मेली की दुसरीने तिचा टाक गळ्यात घालायचा, म्हणजे पहिली तिला छळत नाही, तिच्या पोरांना हात लावत नाही. किती जणींच्या गळ्यात आपण घातल्या असतील अशा! लाख तू भरायचीस, रिठ्याच्या पाण्यात मी घासायची. आता पाळी आपल्यावर आली.

मला लिहिता येत नाही, तुला वाचता येत नव्हतं. म्हणून परसात बसून तोंडानेच बोलते आहे. शेजारच्या भागीरथीकाकूंनी भिंतीवरून मघाशी डोकावून पाहिलं. त्यांना वाटलं असेल, थोरलीनं धरलं धाकटीला. वाटू दे.

मी या घरात आले ती तुझ्या हाताला धरून. सवत बघायला स्वतः गाडीत बसून आलेली बाई आमच्या गावाने तोवर पाहिली नव्हती. तुला मूल होत नाही म्हणून सासूबाईंनी यांच्यामागे दुसरीचा लकडा लावला, तेव्हा तू म्हणालीस म्हणे, "आणायचीच आहे ना, मग मी निवडते. जन्मभर चुलीपाशी तिच्याबरोबर मला बसायचंय, तुम्हाला नाही." आमच्या गोठ्यापाशी मला बाजूला घेऊन विचारलंस, "माझी भीती वाटते का गं?" मी 'हो' म्हटलं. "थोडी असू दे. काम नीट होतं," म्हणालीस आणि हसलीस. त्या हसण्यावर मी आले, अक्का. यांचं तोंड मी नंतर पाहिलं.

तुझं नि देवाचं जे काय होतं ते मला कधी उमगलं नाही, पण होतं हे मात्र खरं. तांबट आळीत ठोकाठोक सुरू व्हायच्या आत तू देव्हाऱ्यापाशी. मागणं नाही, नवस नाही. "काय मल्हारी, उठलात का? आज गारठा आहे हो," असं घरातल्या वडीलधाऱ्याशी बोलावं तसं तुझं चालायचं. मूल दे, असंसुद्धा कधी म्हणाली नाहीस. मी एकदा विचारलं तर फटकारलंस, "मागायला तो काय दुकान मांडून बसलाय?" आणि हात जोडायचीस तेव्हा तुझा चेहरा असा काही व्हायचा की मला तिथून उठून जावंसं वाटायचं. दोघांच्या बोलण्यात आपण उभं राहू नये ना, तसं.

आणि हीच बाई मेलेल्यांच्या बाबतीत कोरडी ठाक! लाख भरताना हातात देवाचा टाक असला की तोंड मिटलेलं. सवतीचा टाक आला की गप्पा सुरू. हौदाला पाणी आलं का, भागीरथीकाकूंची सून माहेरी का गेली. मी घाबरून म्हणायची, "अक्का, हळू. ऐकत असेल ती."

"कोण?"

"ही. टाकातली."

"यमे, ही चांदी आहे. ती बाई गेली."

"गेली म्हणजे कुठे गेली?"

"कुठे नाही गेली. गेली म्हणजे संपली."

असं बोलायला जीभ कशी रेटायची गं तुझी? मी कानावर हात ठेवायची, तू मजेत लाख दाबत बसायचीस.

ठशांची दोन तबकं तू ठेवली होतीस. देवांचे ठसे तांब्याच्या तबकात, मेलेल्यांचे पितळेच्या. संध्याकाळी पुसून जिथले तिथे ठेवणं तुझं काम, त्यात कुणाला हात लावू द्यायची नाहीस. एकदा यांनी घाईत भवानीचा ठसा पितळेच्या तबकात टाकला, तर काय बोलणी खाल्ली बिचाऱ्यांनी! "माणूस मेलं म्हणून देव होत नाही. देव वेगळा, माणूस वेगळं. एवढं साधं कळत नाही आणि म्हणे टाक करतात." हे मुकाट्याने ठसा उचलून पलीकडे ठेवते झाले.

ती विश्रांतवाडीकडची पोरगी आठवते? भावाबरोबर आली होती. नवं लग्न, हिरवा चुडा, आणि मेलेल्या सवतीचा टाक करायचा. यांना म्हणाली, "जरा मोठा करा. ती लई तापट हाय म्हनत्यात." तू आतून बाहेर आलीस. "मोठा केला म्हणजे राग मावेल का त्यात?" पोरगी रडकुंडीला आली. मग तू तिला आत घेतलंस, गूळपाणी दिलंस, आणि विचारलंस, "तू पाहिलं होतंस तिला?" नव्हतं. नावसुद्धा धड ठाऊक नव्हतं. ती गेल्यावर तू किती तरी वेळ सवतीचा ठसा हातात घेऊन बसलीस. "बघ यमे, आपल्या घरात साऱ्या सवतींचं तोंड एकच. एकाच ठशातून निघतात सगळ्या. आणि या पोरी त्या तोंडाला जन्मभर भिऊन राहतात."

तेव्हा मला ते मजेचं बोलणं वाटलं होतं.

गणपतीच्या देवळात बुवांचं पुराण चालू होतं त्या दिवसांत. बुवा म्हणाले, जो देव मानतो त्याने परलोक मानलाच पाहिजे. एक हातून सुटलं की दुसरं सुटलंच. सगळ्या बायका माना डोलवत होत्या, मीसुद्धा. तू पदराने नाक पुसत बसली होतीस. वाटेत मी म्हटलं, "ऐकलंस ना? आता तरी?" तू म्हणालीस, "बुवांनी दोन निरनिराळ्या भाज्या एका कढईत घातल्या. चव कुणालाच कळली नाही, पण पोट सगळ्यांचं भरलं."

"म्हणजे काय?"

"म्हणजे असं. श्रीमंत पेशवे गादीवर आहेत, हे खरं ना? मग तुला जहागीर मिळाली का?"

"मला कशाला मिळेल!"

"मग तरी ते आहेतच ना? तसंच. देव आहे. तो असण्यासाठी मेल्यावर मी उरायला हवी असं कुठे आहे? त्याचं काही अडलंय का माझ्यावाचून?"

भर रस्त्यात असं बोलत होतीस. मागून येणाऱ्या दोघी चपापून पुढे निघून गेल्या.

मग गंगी गेली.

अक्का, गंगी माझ्या पोटची, पण वाढली तुझ्या कडेवर. कडेवर म्हणजे अक्षरशः. खाली ठेवायची नाहीस तिला. सासूबाई म्हणायच्या, "पाय फुटायचे नाहीत पोरीला." तर तू म्हणायचीस, "माझे आहेत की." तिला देवी आल्या. अंगावर फोड, डोळे मिटलेले, आणि घरात सगळे हात जोडून उभे. देवी आली, देवीला राग येईल, देवीपुढे मोठ्याने बोलू नका. कडुलिंबाचे टाळे, थंड पाणी. मी हात जोडले, पदर पसरला, काय काय कबूल केलं ते माझं मला ठाऊक. पोर तुझ्या मांडीवर गेली.

त्या दिवसापासून मी देव्हाऱ्याकडे पाहिलं नाही. तुझ्यासारखी मी बोलणारी नाही, म्हणून कुणाला सांगितलं नाही, पण माझ्या लेखी तिथे कुणी नव्हतंच. असतं तर त्याने ऐकलं असतं. पण गंगी होती. गंगी कुठे तरी होतीच. देव नाही म्हटल्याने मला काही होत नव्हतं, पण गंगी नाही म्हटलं की श्वासच पुरायचा नाही.

म्हणून मी यांना म्हटलं, गंगीचा टाक करा. सासूबाई म्हणाल्या, "लेकरांचे टाक करत नाहीत. रीत नाही." का नाही? तर लेकरं कुणाला छळत नाहीत. बघ ना अक्का, जिची भीती तिचाच टाक. जिची नुसती आठवण येते तिच्यासाठी आपल्या घरात गुंजभर चांदी नव्हती.

आपलं भांडण त्यावरून झालं. तू वाती वळत होतीस. मी म्हटलं, "तुझ्या देवाला विचार, माझी पोर कुठे आहे." तू वात ठेवलीस आणि माझ्याकडे बघून म्हणालीस, "कुठे नाही यमे. ती होती. भरभरून होती. आता नाही." दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, देवाघरी गेली, खेळत असेल. तुला एवढंही खोटं बोलता आलं नाही.

माझं डोकंच फिरलं. "मग तुझा देव काय कामाचा? माझ्या पोरीने कुणाचं काय वाकडं केलं होतं? पुढे काही आहे म्हणावं तर निदान तिथे तरी तिला न्याय मिळेल. तू म्हणतेस पुढे काही नाही आणि देव मात्र आहे. मग तो राक्षसच म्हणायचा."

"तो न्याय करतो असं कुणी सांगितलं तुला? तो आहे, एवढंच म्हणते मी."

"असून उपयोग काय?"

तू वात पुन्हा हातात घेतलीस आणि म्हणालीस, "तू माझ्या उपयोगाची आहेस म्हणून माया करते का मी तुझ्यावर?"

मी जास्तच चिडले. म्हटलं, "देव नसला तरी चालेल मला. माझे मेलेले मला हवेत." तू म्हणालीस, "आणि मी नसले तरी चालेल मला. तो असला म्हणजे झालं." मग तू एकीकडे तोंड करून बसलीस, मी दुसरीकडे. कित्येक दिवस आपण फक्त मीठ दे, पाणी दे, एवढंच बोललो. यांनी दोघींना समजवायचा घाट घातला, तर दोघींनी मिळून त्यांनाच झापलं. त्यातून बोलणं सुरू झालं आपलं. पण तो वाद काही मिटला नाही. माझ्या मनाने तुझं म्हणणं घेतलं नाही, तुझ्या मनाने माझं. नुसता बाजूला ठेवला आपण.

पितृपक्षातच तुला ताप यावा! सासूबाई लगेच म्हणाल्या, पितर कोपले. तू अंथरुणातून म्हणालीस, "त्यांना माझ्याशिवाय दुसरा उद्योग नाही वाटतं." वैद्यांचे काढे झाले, लंघन झालं, ताप हटेना. मला तेव्हा नुकतं कळलं होतं दिवस गेल्याचं. पहिल्यांदा तुला सांगितलं. तू माझा हात घट्ट धरलास. तुझा हात भाजत होता.

मग एका दुपारी, घरात कुणी नव्हतं तेव्हा, तू म्हणालीस, "यमे, मी गेले की हे माझा टाक करतील. तू घालू नकोस."

"काहीतरीच काय बोलतेस!"

"ऐक. मला वाईट वाटेल म्हणून नाही सांगत. मला काही वाटायला मी असणारच नाही. पण तू भिशील. गळ्यात मी लटकले की पोट जरा दुखलं तरी तुला वाटेल, अक्का करतेय. पोर रडलं की वाटेल, अक्का आली. त्या विश्रांतवाडीच्या पोरीसारखी होशील. इतकी वर्षं एका ताटात जेवलो आपण, आणि मी गेल्यावर तू मला भ्यायचंस? नाही. ते नको."

मी तुला 'बरं' म्हटलं नाही, अक्का. रडत बसले. 'बरं' म्हणायला हवं होतं, पण तसं म्हटलं की तू जाणार हे कबूल केल्यासारखं झालं असतं.

तू गेलीस. दहाव्याला कावळा लगेच शिवला. सासूबाई म्हणाल्या, तृप्त होऊन गेली. तू म्हणाली असतीस, भुकेला होता बिचारा.

आता टाकाचं ऐक. हे दुकानात एकटे बसून ठोकत होते. दार लोटून घेतलं होतं. मी या बाजूला बसून ऐकत होते. ठोके नेहमीसारखे नव्हते. मध्येच थांबायचे, मग पुन्हा सुरू. माझा जीव टांगणीला लागलेला. मला तुझं म्हणणं ऐकायचं होतं, पण खरं सांगू? भीती वाटत होती. भागीरथीकाकू येऊन सांगून गेल्या होत्या, रविवार पेठेतल्या कुणा दुसरेपणच्या बाईने टाक घातला नाही, तिचं पोट पडलं. एक पोर गमावलेल्या बाईला असलं काही सांगायचं आणि मग म्हणायचं, तुझी मर्जी बाई!

आणि दुसरं एक होतं. टाक घातला नाही तर तू म्हणत होतीस तेच खरं ठरतं, तू कुठेच नाहीस. घातला तर तू आहेस, पण वैरीण म्हणून. मला तू हवी होतीस, पण अशी नको होतीस. डोकं नुसतं भणभणत होतं.

काल सकाळी सगळे जमले. भटजी, सासूबाई, भागीरथीकाकू आणि आळीतल्या चार बायका. यांनी टाक कुंकवाच्या ताटात आणून ठेवला. सासूबाईंनी उचलला, दाराच्या उजेडात धरला, आणि मग डोळ्यांजवळ नेला. सवतीच्या ठशाचे हात रिकामे असतात, खाली सोडलेले. याच्या उजव्या हातात बारीकसा त्रिशूळ होता.

"अगं बाई!" भागीरथीकाकू ओरडल्या. "देवी झाली की हो थोरली!"

मग काय विचारतेस! सासूबाईंनी टाक कपाळाला लावला. ज्या तोंडाने तुला जन्मभर वांझ म्हणत आल्या त्याच तोंडाने म्हणाल्या, "देवी होती हो माझी सून, आम्हाला ओळखता आली नाही." बायका डोळे पुसायला लागल्या. भटजींनी सांगून टाकलं, "हा टाक आता गळ्यात घालायचा नाही. देव्हाऱ्यात बसवा. रोज हळदकुंकू वाहा." आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "भाग्यवान आहात. सवत पाठीशी उभी आहे तुमच्या."

मी सुटले होते, अक्का. तोंड मिटून उभी राहिले असते तर गळाही मोकळा, पोटाची काळजीही मिटली, वर घरात मान. सगळ्यांनी आपण होऊन दिलं होतं मला ते.

पण मला दिसत होतं काय झालंय ते. तू अंथरुणाला खिळल्यापासून तबकं कुणी लावलीच नव्हती. देव आणि मेलेले सगळे एकत्र पडले होते. यांनी डोळ्यात पाणी असताना हाताला लागला तो ठसा घेतला, तो आपल्या गिऱ्हाइकांच्या कुळदेवीचा. ठोकताना त्याच्याकडे बघवलं नसेल त्यांना. एवढंच. आणि तू? तुला देवाच्या जागी बसवायचं? ज्याच्यापुढे तू स्वतःसाठी कधी काही मागितलं नाहीस, त्याच्या शेजारी तुला उभी करून हळदकुंकू वाहायचं? मेलीस तरी तुला चीड आली असती. आणि देवी! देवी या शब्दाने माझ्या घरातून काय नेलं ते या बायकांना ठाऊक नव्हतं का?

मी पदर खोचला. म्हटलं, "हा चमत्कार नाही. तबकं मिसळली आहेत. हा टाक कुळदेवीच्या ठशातून निघालाय, हवं तर ठसा आणून बघा."

हे उठले, दुकानात गेले, कुळदेवीचा नि सवतीचा, दोन्ही ठसे घेऊन आले आणि ताटाशेजारी ठेवले. बघणाऱ्याला कळत होतं. भटजींनी घसा खाकरला. सासूबाईंचा चेहरा पडला, आणि मग चढला. "बरं, नसेल देवी. मग दुसरा टाक कर रे, आत्ताच्या आत्ता. गळ्यात घालू दे हिला."

"मी घालणार नाही," मी म्हटलं.

"काय म्हणालीस?"

"मी अक्काचा टाक घालणार नाही. जी मागे लागेल, जी पोर खाईल, तिचा टाक घालतात. अक्का माझ्या मागे कशाला लागेल? ती माझ्या पुढे असायची. हौदावर पुढे, चुलीपाशी पुढे, तुमची बोलणी खायला पुढे."

"पोटातल्या जिवाला काही झालं म्हणजे कळेल!"

मी आवाज कापू दिला नाही, अक्का. म्हटलं, "सासूबाई, गंगी गेली तेव्हा या घरात कुठली सवत मेली होती? अक्का जिवंत होती. तिच्याच मांडीवर गेली माझी पोर. सात दिवस सात रात्री तिने मांडी हलवली नाही. आता या जिवाला काही झालं तर ते व्हायचं म्हणून होईल. पण अक्काने केलं असं या घरात कुणी म्हणायचं नाही. म्हणेल त्याच्याशी माझी गाठ आहे."

भागीरथीकाकू म्हणाल्या, "हिला देव नाही, मेलेल्यांचं भय नाही. काय बाई तरी एकेक!"

"देवाचं मला ठाऊक नाही काकू," मी म्हटलं. "पण अक्काला तुम्ही ना देवी करायचं, ना हडळ. बाई होती ती. बाईच राहू द्या."

सासूबाई यांच्याकडे बघत राहिल्या. आता हे काहीतरी बोलतील, नेहमीसारखं 'बरं' म्हणतील, असं मलाही वाटलं. यांनी ताटातला टाक उचलला. कुंकू अंगठ्याने पुसलं. म्हणाले, "टाक होणार नाही." आणि दुकानात जाऊन तो मुशीत टाकला, वितळवायला. इतक्या वर्षांत या माणसाला आईपुढे पहिल्यांदा कंठ फुटला, आणि ते बघायला तू नव्हतीस. त्याचंच मला जास्त रडू आलं.

आज सासूबाई माझ्याशी बोलत नाहीत. काकू भिंतीवरून बघतात. पोटात जरा टोचलं तरी मी दचकते, खोटं कशाला सांगू. पण दचकले की मनात पहिलं तुझं नाव येत नाही. ते एवढं जमलंय.

एक राहिलं. त्या दुपारी, टाकाचं बोलून झाल्यावर, मी तुला विचारलं होतं. आठवतंय की नाही कोण जाणे, ताप फार होता तुला. मी म्हटलं, "अक्का, तुझं तू काही म्हण. पण पलीकडे काही असलंच, तर माझ्या गंगीला शोध." मला वाटलं, पुन्हा तेच सांगशील, कुठे काही नाही म्हणून. तू डोळे मिटलेस. मला वाटलं, झोप लागली. मग म्हणालीस, "मी नसेन गं. पण समज, असलेच. तर आधी तिला कडेवर घेईन. देवाला मग भेटेन."

तू माझी समजूत काढलीस का गं? की खरंच तुझं मन एवढंसं हललं होतं? विचारायचं राहिलं. आता जन्मभर मी दोन्ही बाजूंनी तुझ्याशी भांडत राहणार. आणि तुझ्याहून चिवट आहे मी, काल बघितलंस ना.

सुतकात देव बंद होते, नंतरही कुणी त्यांना हात लावला नाही. सासूबाईंचे गुडघे धरलेत आणि यांना ते जमत नाही. आज सकाळी मी गेले. गंगीनंतर पहिल्यांदाच. विश्वास बसला म्हणून नाही, तसं काही समजू नकोस. तुझा तो मल्हारी एकटा धुळीत बसला होता, बघवेना. पुसला, दिवा लावला. आणि म्हटलं, "अहो, अक्का गेली. आता माझ्यावर भागवा." तो आहे की नाही, मला माहीत नाही. पण तुझा होता, म्हणून रोज लावीन. आळस करणार नाही. तू माझी गंगी सांभाळ. तू नसलीस, तरी.